आसरांची ओटी

— अहो फातिमाबी, बुडबुडे यायलेत म्हणजे चांगलंच की! तुम्ही उगं घाबरताय. बुडबुडे दिसतायत तोवर आपलं माणूस खाली नीट श्वास घेतंय, असं समजायचं. मला तरी पहिल्या दिवशी कुठं ठाऊक होतं — पाण्यावर बुडबुडे बघितले आणि पोरगी बुडाली म्हणून असली बोंब ठोकली, की हे शिकवणारे वीरप्पा सर बुटासकट पाण्यात शिरले! आता हसू येतं. या, अशा इकडं बाभळीच्या सावलीत सरका. परीक्षेला तुमचा आरिफ हिच्यानंतर ना? मग बसा निवांत. आता खाली आहे ती आमची दीपमाला. लेक न्हाय हो, सून. समदे असंच विचारतात. सुनेसाठी सासू धरणावर येऊन बसते याचं माकणी गावात लई नवल — जशी काय सासवांना दुसरी कामंच नसतात. कामं आहेत हो. पण आज कुठं हात चालतोय कामात?

ती दोरी बघा, महालिंगप्पाच्या हातातली. दुसरं टोक दीपमालाच्या कमरेला आहे. एक हिसका म्हणजे ठीक आहे. तीन हिसके म्हणजे वस्तू सापडली, ओढा. आणि सारखे हिसके आले तर — ते न्हाय बोलायचं, शुभ बोलावं. खाली काय दिसत असेल म्हणता? काही नाही. गाळ आहे नुसता, डोळ्यासमोर धरलेला स्वतःचा हात दिसत नाही. तळाला दोरी टाकलेली असते, तिच्या कडेकडेनं सरकत चाचपायचं. सरांनी ते चार पांढरे डबे तरंगत ठेवलेत ना, त्या चौकोनात एक लोखंडी पेटी बुडवलीय — नारिंगी रंगाची, पण खाली कुठला आलाय रंग! हाताला लागेल ती खरी. आणि आजचा नियम एकच: हवेच्या एका सिलिंडरात एक बुडी, जे वर आणाल ते तुमचं. दुसरी वस्तू आणली तर नापास. आरिफलाही तोच नियम, ठाऊक असेल तुम्हाला.

आणि आमच्या घरचा नियम त्याहून कडक! आमचे हे — ज्ञानोबा म्हणा, मी काही नाव घेत न्हाय, आत्ता तोंडातून गेलं ते सोडा — आधी तयारच न्हवते. विहिरीत पाणबुडी मोटार सुटून तळाला गेली होती, मेकॅनिक काठावर उभा राहून डोकं खाजवत होता, आणि ह्या बाईनं पदर खोचला, दोराचं टोक दातात धरलं आणि मारली उडी! तेर गावची आहे ना ती, तेरणा नदीत पोहून वाढलेली. मोटारीला दोर बांधूनच वर आली. गावभर बोभाटा झाला, तो वीरप्पा सरांच्या कानावर गेला, आणि ते घरी आले — पूर आला, कुणाचं काही पाण्यात गेलं, तर शोधायला तालुक्याचं पथक उभं करायलेत, तुमची सून द्या म्हणून. सून द्या! जशी काय विळी मागायला आले. हे म्हणाले, एक परीक्षा. पास झाली तर जाऊ दे. नापास झाली तर या घरात पुन्हा पाण्याचं नाव काढायचं नाही. आणि ती पोरगी हसत म्हणाली, चालंल मामंजी. तिला हसू आलं, मला न्हाय. कारण मी तिला बघितलंय ना — पाण्यातून वर येते तेव्हा चेहरा कसा असतो तिचा. स्वयंपाकघरात तसा चेहरा मी कधी बघितला न्हाय. माझाही न्हाय कुणी बघितला म्हणा.

मग घरची शिकवणी मीच घेतली. हसा, हसा! दुपारी हे शेतात गेले की दार लावायचं, तिच्या डोळ्यांवर ओढणी बांधायची आणि मी ज्वारीच्या कोठीच्या खोलीत वस्तू लपवायची. ती जमिनीवर पालथी, सरपटत सरपटत यायची — 'आत्याबाई, ही पळी.' 'ही उलथनी, दांडा ढिला आहे.' एकदा रणधीर, म्हणजे आमचा मुलगा, अचानक घरी आला. बघतो तर बायको जमिनीवर पालथी, आई कोपऱ्यात ताम्हन लपवून बसलेली. काही न विचारता पाणी पिऊन गेला बिचारा! पुढं पुढं एवढी तयार झाली, की भाकरीच्या गठुड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, 'आत्याबाई, ही तुमची गाठ.' मी फडक्याला दोन गाठी मारून टोकं आत खोचते ना, शेतात भाकरी नेली की तीच सोडते ती.

तुमची तस्बीहची माळ चालू द्या, मी आपली बडबडते. गप्प बसले की नजर सारखी त्या दोरीवर जाते. तुम्ही नवस बोललायत ना काही आरिफसाठी? चादर? कुठल्या दर्ग्याला? — हां, मग तुम्हाला सांगायला हरकत न्हाय. इकडं सरका. अजून. सर बघतायत, हसू नका.

पाण्यात आमच्या आसरा असतात. साती बहिणी, देवीच. त्यांच्या घरात जायचं तर त्यांची ओटी नको का भरायला? मी बोलले, शिकवणी होईतो ओटी भरीन, पोरीला सांभाळा. पहिली ओटी सोडली — खण, नारळ, बांगड्या, हळदकुंकू — तर नारळासकट तरंगत परत आली आणि माझ्याच पायाशी थांबली! आता देवी नको म्हणाली का नारळ हलका झाला, हे कुणाला विचारायचं? मग दुसऱ्या खेपेला आत वरवंटा घातला. हो, घरातला. गेली सरळ तळाला. आणि दुपारी पथकातल्या सिदूनं खालून तीन हिसके दिले, समद्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि तो वर आला — माझी ओटी छातीशी धरून! सरांनी गठुडं सोडलं, नारळ निघाला. सिदू विचारतो, 'फोडू का सर?' सर असले तापले! 'कोण आहे हा भक्त? माझी अख्खी शिकवणी बिघडवतोय!' मी शेजारीच, रोजच्यासारखी चहाची किटली घेऊन उभी. मी म्हणाले, 'काय सांगावं सर, लोकांना कळतच नाही.' तोंडातून गेलं हो! वरवंटा अजून सरांच्या तंबूत पडलाय. रोज दिसतो, मागता येत न्हाय. घरी हे विचारतात, चटणी मिक्सरातली का?

त्याच्या पुढची पण सापडली. ही पोरं शिकलीच तशी, काही खाली ठेवतच न्हाईत. पण देवीला दिलेलं परत येतं हे बरं न्हवं. निदान परीक्षेच्या दिवशीची तरी राहावी. म्हणून आज सकाळी सरांना चहा द्यायला तराफ्यावर गेले, आणि पदराआडून अलगद सोडली. चांगला जड दगड घातलाय. बांगड्या आत फुटतील म्हणून बाहेर गाठीलाच अडकवल्या. मन शांत झालं. आणि मागं वळून बघते तर — अहो, सर त्याच जागेभोवती पांढरे डबे सोडायलेत!

कळलं का तुम्हाला? माझी ओटी त्या चौकोनात आहे, फातिमाबी. पेटीएवढीच, पेटीसारखीच जड. तिनं तीच वर आणली तर? मी सरांकडं दोनदा गेले सांगायला. दोन्हीदा 'चहा देऊ का' म्हणून परत आले. देवीला म्हणाले, तुझीच ओटी तुझ्या लेकराच्या आड येऊ देऊ नको, आणि — 

थांबा. दोरी. एक... दोन... तीन! तीनच ना? तुम्ही पण बघितलं ना? ओढ रे महालिंगप्पा, हळू ओढ! पेटी का गठुडं, पेटी का गठुडं — मी न्हाय बघत, तुम्ही बघा. माझे डोळे मिटलेत. काय आहे? सांगा की! — नारिंगी? नारिंगी म्हणालात?

पेटी! अगं माझे बाई, पेटीच! वाजवा टाळ्या! बघा, बघा तो चेहरा, म्हणत न्हवते मी? आता घरी जाऊन ह्यांना — अहो, पण तिच्या करंगळीत काय आहे ते? हिरवं. चमकायलंय.

बांगडी आहे. माझी.

म्हणजे लागली होती तिच्या हाताला. अंधारात गाठ चाचपली असेल, टोकं आत खोचलेली... आणि तिथंच ठेवली. देवळात ओटी भरल्यावर पुजारी थोडं परत देतो ना पदरात, तशी एक बांगडी तेवढी आणली. राहिली हो फातिमाबी. ओटी खाली राहिली.

बघा कशी बघतीय माझ्याकडं, चोर कुठली! मुठीत लपव गं, सर यायलेत.

उठा, उठा, आरिफला हाक मारली. आणि ऐका — त्याच्या कानात सांगा, तळाला फडक्यात बांधलेलं काही लागलं, गाठीची टोकं आत खोचलेली असली, तर सोडून पुढं जा म्हणावं. कुणी सांगितलं विचारलं तर सांगू नका. जा तुम्ही. मी दोरीकडं बघते.