रविवारी क्लास बंद

प्रभादेवीच्या बसस्टॉपवर सुमेधाच्या पुढे दोन मैत्रिणी उभ्या होत्या. त्यांचं बोलणं कानावर पडलं आणि तिने हेडफोन पर्समध्येच राहू दिले.

“अनुजा, लग्नापासून बाबा बोलतच नाहीत?”

“नाही ना. बाळाच्या बारशाचा मेसेज केला, त्यालाही उत्तर नाही. पण त्यांच्या तबल्याच्या क्लासची साइट मी रोज बघते.”

“कशाला गं?”

“खाली ‘शेवटचा बदल’ म्हणून तारीख असते. कोड माझाच आहे. बाबांनी पानावर काही बदललं, की सर्व्हर आपोआप नवी तारीख दाखवतो. बरे आहेत, एवढं तरी कळतं.”

“मग आज?”

“आजचीच तारीख! वर नवीन ओळ होती, रविवारी क्लास बंद.”

“असेल काही काम.”

“अगं, अंगात ताप असतानाही त्यांनी रविवार कधी सोडला नाही!”

“आणि बारसं कधी आहे?”

“रविवारीच.”

बस आली. दोघी हलल्याच नाहीत. मागे सुमेधाही थांबली.