राखाडी जोडी

धाकट्या जावेचा हिशेब सरळ होता. थोरलीने रंगीत लेन्स घेतल्या की दुकानाच्या योजनेत दुसरी जोडी फुकट मिळणार होती, आणि ती राखाडी जोडी धाकटीच्या डोळ्यांत जाणार होती. फक्त थोरलीला राखाडी आवडता कामा नये. एका घरात राखाडी डोळ्यांच्या दोन सुना म्हणजे कौतुक निम्मं!

चष्मेवाल्याने थोरलीचा चष्मा काढून तिला पहिल्यांदा नेमक्या राखाडीच लेन्स घातल्या.

“अहो, आरशात मला काहीच दिसत नाही.”

“दाखवायच्या लेन्सना नंबर नसतो, मॅडम. सोबतच्यांना विचारा.”

“अगं, कशी दिसते मी?”

“खरं सांगू, वहिनी? भावोजी घाबरून घर सोडतील. तुम्हाला तपकिरीच खुलेल.”

“तपकिरी डोळे तर माझे आहेतच!”

“म्हणूनच शोभतील. तुमच्या काळजीपोटी सांगते हो.”

“आवाज किती गोड झाला गं तुझा! परवा माझी नवी पर्स मागायला आलीस, तेव्हा असाच झाला होता. भाऊ, राखाडीच द्या.”

“बरं, मग फुकटची जोडी मला. मलाही राखाडीच.”

“तुमचा नंबर?”

“छे! माझी नजर लख्ख आहे.”

“मग नाही जमायचं. फुकटची जोडी पहिलीच्याच नंबरची मिळते.”

“द्या की मग मलाच. ती तपकिरी द्या. हिची पसंती मला मोडवत नाही.”

येतानाचं गाडीभाडं धाकटीने हौसेने दिलं होतं. घरी परतताना थोरली नव्या राखाडी डोळ्यांनी तिच्याकडे नुसती बघत राहिली, आणि तेही धाकटीनेच दिलं.