वेगाने पुसलेला ठिपका

मंडळी, ऐका. वेग हा गुण की अवगुण? — उत्तराची घाई नको! प्रसाद अजून चुलीवर आहे, जाणार कुठे तुम्ही?

गडहिंग्लजला हेमांगी चौगुले नावाची बाई. काम काय? संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटतं ना, ते उमटवणारा प्रोग्रॅम ती लिहायची. ड्रायव्हर म्हणतात त्याला. एसटीचा नव्हे हो! आणि फुकट, कुणीही वापरावा, उघडून पाहावा. आता माणसानं लिहिलेलं यंत्राला कळत नाही. मधे दुभाषी लागतो — कंपायलर. त्याला सांगता येतं, बाबा, जपून कर. किंवा, भरभर कर, आकडेमोडीत थोडं इकडंतिकडं झालं तरी चालेल.

हेमांगीनं भरभर करायला सांगितलं. चित्रं वाऱ्यासारखी फिरू लागली! देशोदेशींहून शाबासकी आली.

त्याच सुमारास तिच्या आईचा, इंदुताईंचा, खोकला जाईना. डॉक्टर नेसरीकरांनी छातीचा स्कॅन पडद्यावर फिरवून पाहिला. म्हणाले, फुप्फुस स्वच्छ आहे. दवाखान्यात हेमांगीचाच ड्रायव्हर! तिचा ऊर भरून आला. स्कॅनची सीडी घेऊन दोघी घरी आल्या.

तिला वाटलं, याच स्कॅनवर आपला वेग ताडून बघू. आधी जपून चालणारा जुना ड्रायव्हर लावला. चित्र हळूहळू उमटलं — आणि फुप्फुसाच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका. नवा लावला. ठिपका नाही! पुन्हा जुना. आहे. पुन्हा नवा. नाही!

पायाखालची जमीन सरकली, मंडळी. आई आतून विचारत होती, जेवायला वाढू का. हिची नजर पडद्यावरून हलेना.

आईवर उपचार करून, ड्रायव्हर गुपचूप दुरुस्त करता आला असता. कुणाला कळणार होतं? पण तिनं डॉक्टरांना सगळं सांगितलं, आणि जगाला लिहिलं, "माझ्या घाईनं चित्रातलं खरं पुसलं गेलं. हा ड्रायव्हर आजच काढा." शाबासकी देणारेच शिव्या देऊ लागले. तिनं ऐकून घेतल्या. नेसरीकर जुना ड्रायव्हर लावून सगळे स्कॅन पुन्हा पाहायला बसले. एका मास्तरांच्या फुप्फुसात तसाच ठिपका निघाला. दोघांचंही ऑपरेशन वेळेत झालं.

इंदुताई बऱ्या झाल्यावर लेकीनं रडत रडत सारं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "हेमा, तू गप्प बसली असतीस, तरी मी वाचले असते. पण ते मास्तर गेले असते."

वेग वाईट नाही हो. पण वेगापायी काय गळलं, हे बघतो कोण? घरी म्हातारा बाप काही सांगत असतो, आपण "हो, हो" म्हणत चपला घालतो — आणि त्याच्या बोलण्यातला दुखरा शब्द तेवढा निसटतो. आज त्याच्यापाशी बसाल ना? की प्रसाद घेऊन पळाल?

आता नाम घ्या. सावकाश. एकेक अक्षर जिभेवर टेकू द्या — विठ्ठल... विठ्ठल...