मास्तरांचा उघडा नळ

थोडं पुढे सरकून बसा मंडळी. मागच्यांना ऐकू आलं पाहिजे, कारण आजचा विषय मागच्यांसाठीच आहे. एक विचारतो. माणूस घराला कुलूप लावतो ते कुणासाठी? चोरासाठी? चोर तर कुलूप फोडायलाच येतो, त्याला काय त्याचं! मग उरलं कोण? विचार करा. तोवर मी गोष्ट सांगतो.

आपल्यासारखंच एक तालुक्याचं गाव. नळाला चार दिवसांतून एकदा पाणी, तेही पहाटे पाचला, दीड तास. हसता काय? तुमच्याकडे पाचवा दिवस असेल! त्या गावात एक दुमजली घर. वरच्या मजल्यावर विश्वंभर धानोरकर, शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर, आणि त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई. खाली शेवंताबाई घुले. नवरा गेलेला, मुलगी सासरी. ही बाई पापड-कुरडया करून देते. लग्नसराईत तालुक्यातली निम्मी रुखवतं तिच्या हातची.

आता या दोन घरांना रस्त्यावरून पाइप एकच. फाटकाशी जमिनीत मेन कॉक – तो फिरवला की दोन्ही घरं कोरडी. तिथून पुढे पाइपाला दोन फाटे, एक खाली, एक वर. वरच्या फाट्याला जिन्याखाली वेगळा कॉक. ध्यानात ठेवा. पुराणातली वंशावळ विसरलात तरी चालेल, पाइप विसरू नका.

दोन वर्षांपूर्वी मास्तरांच्या नळाला पाणी बारीक यायला लागलं. का आलं ते पाइपाला माहीत. पण मास्तरांच्या मनाने घेतलं, की खालची बाई जिन्याखालचा कॉक अर्धा पिरगाळते आणि आपले हंडे आधी भरते. विचारलं का तिला? छे. विचारलं तर उत्तर मिळतं, आणि संशय जातो. एवढा जपलेला संशय कोण घालवेल? मास्तरांनी लोहाराकडून पत्र्याची पेटी करून आणली, कॉकवर बसवली, तिला कुलूप घातलं. शेवंताबाईने ते येता-जाता पाहिलं. त्या दिवसापासून जी बाई मास्तरांना ‘भावजी’ म्हणायची, ती ‘मास्तर’ म्हणायला लागली. म्हणजे बोलायची वेळ आलीच तर.

वैशाखात मास्तरांनी सोमनाथ-द्वारकेची सहल ठरवली. दहा दिवस. बस सोमवारी पहाटे साडेपाचला. आणि माणूस काळजीवाहू, मंडळी, फार काळजीवाहू. आदल्या दिवसापासून कागद करून एकेक कामावर खूण. गॅस बंद – खूण. मेन स्विच पाडला – खूण. कपाटाला कुलूप, खोलीला कुलूप, दाराला दोन कुलपं. मोरीच्या भोकातून झुरळं आणि चिचुंद्र्या येतात म्हणून भोकात फडकं कोंबलं, वर प्लास्टिकची पिशवी, तिच्यावर वरवंटा. खूण!

आता त्या गावची एक रीत. पाणी पहाटे येणार, मग जाग कशी येणार? रात्री नळ उघडा सोडून खाली पत्र्याची बादली पालथी ठेवायची. पाणी आलं की बादली वाजते, घर उठतं. तुमच्यातही आहेत असे, माना खाली घालू नका. त्या आठवड्यात सोमवार पाण्याचा वार. मास्तरांनी सवयीने रविवारी नळ सोडला, बादली ठेवली. सोमवारी पाच वाजले, पाणी नाही. सव्वापाच, नाही. गावची टाकीच भरलेली नव्हती. मास्तर बादलीकडे बघत उभे. तेवढ्यात खाली बसचा हॉर्न. पिशव्या उचलल्या, कुलपं लावली, धावले.

कळलं का काय झालं? सगळं बंद. नळ तेवढा उघडा, आणि मोरीचं तोंड दाबलेलं.

मंगळवारी दुपारी बस सौराष्ट्रातल्या एका धर्मशाळेत थांबली. मास्तर खाटेवर आडवे झाले. शेजारच्या न्हाणीत कुणीतरी नळ सोडला, आणि रिकाम्या बादलीवर पहिली धार पडली. मास्तर ताडकन उठून बसले. प्रमिलाबाईंना वाटलं, विंचू.

मग सुरू झाली मनातली उलटतपासणी. बंद केला होता. नाही, केला नव्हता. हात नळावर गेला होता हे आठवतं, पण कुठल्या बाजूला फिरला? सोमवारचं पाणी चुकलं म्हणजे आज पहाटे आलं असणार, नाहीतर उद्या येणार. दीड तास. मोरी भरणार, उंबरा ओलांडून स्वयंपाकघर, मग लाकडी कपाट, मग भिंतीतून खाली. खाली कोण? शेवंताबाई. तिच्या मागच्या खोलीत काय? कुरडया.

मास्तरांनी मुलाला फोन केला. तो पुण्याला; निघाला तरी पोचायला रात्र होणार, आणि त्याच्याकडे चावी नाही. नळवाल्याला केला. तो मेहुणीच्या लग्नाला गेलेला. जुन्या शिपायाला केला, चुलतभावाला केला. तास गेला. प्रमिलाबाई शांतपणे म्हणाल्या, की जिला करायला हवा तिला सोडून गावभर फोन झाले. मास्तर म्हणाले, तिचा नंबर मी काढून टाकलाय. बाईंनी आपला फोन पुढे केला. नंबर होता. नुसता होता नाही, परवा रात्री अकरा मिनिटं बोलणं झालेलं होतं! दोन वर्षं गच्चीवर वाट्यांची देवघेव चालू होती, आणि मास्तरांना वाटत होतं दोन्ही मजल्यांत अबोला आहे. भांडणं पुरुष करतात मंडळी, आणि नाती बायका सांभाळतात.

फोन लागला. मास्तरांनी घसा खाकरला आणि सगळं सांगितलं – नळ, बादली, फडकं, वरवंटा.

“माझ्या मागच्या खोलीत चादरींवर कुरडया वाळतायत, मास्तर,” शेवंताबाई म्हणाली. “तुमच्या मोरीच्या बरोबर खाली. पाटलांच्या लग्नाच्या आहेत. चावी कुठाय?”

चावी मास्तरांच्या कमरेला. हजार किलोमीटरवर.

“मग जिन्याखालच्या पेटीचं कुलूप फोडू? कॉक बंद करते.”

एका शब्दाचं काम होतं मंडळी. फोडा. पण मास्तरांच्या तोंडून शब्द फुटेना. कुलूप एकदा फुटलं की कॉक तिच्या हातात, मग सबंध उन्हाळा… हा विचार त्या घडीला आला बघा. घर बुडायला आलंय आणि माणूस बादलीभर पाण्याच्या हक्काची राखण करतोय.

शेवंताबाईने ती शांतता ऐकली. फोनवर शांतता फार स्पष्ट ऐकू येते.

“तुम्हाला भीती पाण्याची जास्त आहे, का माझी?” ती म्हणाली. “राहू द्या. बघते मी.” आणि फोन ठेवला.

‘बघते’ म्हणजे काय? मास्तरांनी परत फोन केला, उचलला नाही. प्रमिलाबाईंनी केला, उचलला नाही. बुधवारी नाही, गुरुवारी नाही. फोडलं का? नाही फोडलं? पाणी आलं का? द्वारकेला तीन तास रांगेत उभं राहून मास्तर गाभाऱ्यासमोर पोचले. समोर साक्षात देव, आणि यांच्या डोळ्यांपुढे मोरी. हात जोडले, ओठांवर आलं, “देवा, नळ.” मागच्याने ढकललं, दर्शन संपलं. जन्माची यात्रा, आणि देवापाशी काय बोलले? नळ!

दहाव्या दिवशी बस गावात शिरली. मास्तर पिशव्या बसमध्येच टाकून पळाले. फाटकातून आत शिरून जिन्याखाली पाहिलं. पेटीचं कुलूप जसंच्या तसं. वर जाऊन दाराची दोन्ही कुलपं उघडली. आत गेले. फरशी कोरडी. मोरी कोरडी. नळ पूर्ण उघडा, खाली पालथी बादली, बादलीवर धूळ.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. पाणीच आलं नाही, असं म्हणत खाली उतरले. समोरच्या ओट्यावर बसलेल्या रेशन दुकानवाल्या काकांनी सांगितलं, आलं की, बुधवारी आलं, रविवारी पहाटे तर चांगला जोर होता. मास्तर शेवंताबाईच्या दारात गेले. आत सगळे हंडे पालथे. कुरडया करायच्या तर गहू तीन दिवस भिजतात, आणि रोज पाणी बदलावं लागतं, नाहीतर आंबून वाया. आणि ती बाई कमरेवर घागर घेऊन फाटकातून आत येत होती, दोन गल्ल्यांपलीकडच्या हापशावरून.

मास्तरांनी फाटकाजवळ जमिनीतल्या मेन कॉककडे पाहिलं. तो घट्ट बंद होता. वरचा कॉक मिळाला नाही, म्हणून बाईने दोन्ही घरांचं पाणी तोडलं होतं. वरचं घर वाचावं, खालच्या कुरडया वाचाव्यात, म्हणून आपला नळ आठ दिवस कोरडा. पाण्याचे दोन वार गेले. थेंब घेतला नाही.

“वहिनी, फोडायचं होतंत कुलूप,” मास्तर म्हणाले.

“तुम्ही कुठं म्हणालात?” ती म्हणाली, आणि घागर उतरवायला वाकली. मास्तरांनी ती हातातून घेतली. दुसरी घागर दारात होती, ती उचलून हापशाकडे चालू लागले. चित्रकलेचे हात, दोनदा सांडलं. तिसऱ्या खेपेला मागून आवाज आला, “भावजी, आधी वर जाऊन तो नळ बंद करा. मग मेन कॉक उघडते.”

मंडळी, गावाला जाताना मेन कॉक बंद करा, नळ बंद करा, मोरीचं तोंड दाबू नका. एवढं शहाणपण नळवालाही देईल, त्याला कीर्तन कशाला हवं. मी दुसरं विचारतो. देव हाकेला धावतो म्हणता ना? कबूल. पण हजार किलोमीटरवरून हाक मारायची झाली, तर तुमच्या दारापर्यंत चालत जाईल असं माणूस तुम्ही ठेवलंय का? का त्याच्याच तोंडावर कुलूप लावलंय? हात वर करू नका. मनात नाव घ्या. ज्यांना नाव आठवायला वेळ लागला, त्यांची गोष्ट मी सांगितली.

आता टाळ घ्या… थांबा. ते पहिल्या रांगेतले पांढऱ्या टोपीवाले काका उठले. वाट द्या त्यांना, चेहरा बघा, नळ आठवलाय. काका, सावकाश, चपला उलट्या घालताय. आणि तुमचे शेजारी चौथ्या रांगेत बसलेत. गेल्या दिवाळीपासून तुम्ही त्यांच्याशी बोलत नाही, सगळ्या गावाला माहीत आहे. त्यांना हाक मारा, सोबत घेऊन जा. तोवर आम्ही भजन लांबवतो.