जास्तीची वायर

प्रोग्रामर: तिसऱ्यांदा विचारताय, मामा. तीनला. बरोबर तीन वाजता साहेब वर पाहुण्यांसमोर बटण दाबणार आणि इथले कॉम्प्युटर जोडणाऱ्या सगळ्या स्विचची दुरुस्ती आपोआप होणार. तुम्ही हत्यारं भरा ना पिशवीत.

वायरमन: भरतोय. एकवीस वर्षांची हत्यारं आहेत, पाच मिनिटांत आवरत नाहीत. बटण साहेबच दाबणार ना? तू नाही?

प्रोग्रामर: मी कशाला? मला म्हणाले, तू खाली सामानाच्या खोलीत बस, जागा सोडू नकोस, लागलं तर फोन करतो. चार महिने खपून प्रोग्राम लिहिला मी, आणि पडद्यावर नाव त्यांचं.

वायरमन: मग उत्तम झालं. खालीच बस तू. वर व्हायचं ते होऊ दे.

प्रोग्रामर: काय होणार आहे?

वायरमन: काही नाही.

प्रोग्रामर: मामा, तुम्ही हसताय. सकाळी साहेबांनी दाराचं कार्ड काढून घेतलं, नोकरीवरून काढलं, आणि आता हसताय.

वायरमन: कार्डाचं काही नाही गं. पण साहेब सगळ्यांसमोर म्हणाला, आता हे मशीन करतंय, हा माणूस जास्तीचा आहे. जास्तीचा! इथली एकूण एक वायर ज्यानं ओढली, तो. आज तीन वाजता साहेबाचं नाक कापलं जाणार, आणि मी इथं स्टुलावर बसून ऐकणार.

प्रोग्रामर: कसं?

वायरमन: तुझा प्रोग्राम करतो काय, सांग.

प्रोग्रामर: कॉम्प्युटरच्या प्रत्येक रांगेला दोन स्विच, दोन वायरी. एक स्विच बंद करून नीट करायचा, तोवर दुसरी वायर भार उचलते. मग तो चालू, दुसरा बंद.

वायरमन: आणि सात नंबरच्या रांगेच्या दोन्ही वायरी एकाच स्विचवर असल्या तर?

प्रोग्रामर: असं कसं? लेबलं वेगवेगळी आहेत.

वायरमन: लेबलंच तेवढी वेगळी. तीन वर्षांपूर्वी तिथला एक स्विच जळाला. साहेबाची चिठ्ठी आली, तात्पुरत्या दोन्ही एकावरच लाव, लेबलं बदलू नकोस, तपासणी आहे. पुढे नवा स्विच आला, बसवला. वायर परत हलवायची परवानगी मी तीनदा मागितली. दर वेळी, पुढच्या महिन्यात बघू. ते तात्पुरतं अजून चालू आहे.

प्रोग्रामर: म्हणजे तीन वाजता अख्खी रांग बंद पडणार. मामा, आधी माझा प्रोग्राम प्रत्येक वायरला विचारायचा, बाई, तू नक्की कुठं जोडलेली आहेस. साहेबांनीच ते काढायला लावलं. म्हणे वीस मिनिटं पाहुणे ताटकळतील.

वायरमन: बघ! स्वतःच्या हातानं खड्डा खणलाय. पडू दे तोंडावर.

प्रोग्रामर: सात नंबरवर काय चालतं, ठाऊक आहे?

वायरमन: ऑफिसची हजेरी आणि साहेबाचे मेल. बुडेनात का.

प्रोग्रामर: तसं होतं. गेल्या महिन्यापासून तिथं अ‍ॅम्ब्युलन्स बोलावायचे फोन येतात.

वायरमन: काय सांगतेस? मला कुणी बोललं नाही.

प्रोग्रामर: कोण बोलणार? फाइलमध्ये लिहिलं, झालं.

वायरमन: मग फोन लाव त्याला. आत्ता लाव. माझं वाकडं त्याच्याशी आहे, रस्त्यात पडलेल्या माणसाशी नाही.

प्रोग्रामर: फोन केला तर कार्यक्रम पुढे ढकलतील, गुपचूप वायर हलवून घेतील, आणि उद्या ऐटीत बटण दाबतील. तुम्ही घरी, मी इथंच. नाही मामा. थांबवायचं, पण सगळ्यांदेखत.

वायरमन: पंधरा मिनिटं उरलीत.

प्रोग्रामर: पुष्कळ झाली. सगळ्या रांगा तपासायला वीस मिनिटं लागतात, एकट्या सातला अर्धं मिनिट. तेवढी तपासणी परत घालते. प्रोग्राम सात नंबरशी येऊन थांबेल, तिथलं काही बंद करणार नाही. आणि पडद्यावर अक्षरं येतील. ती चिठ्ठी आहे का तुमच्याकडे?

वायरमन: पाकिटात आहे. तीन वर्षं सांभाळलीय.

प्रोग्रामर: द्या इकडे. तारखेसकट उतरवते. सात नंबर, दोन्ही वायरी एकाच स्विचवर, हुकूम साहेबांचा. खाली त्यांची वाक्यं, जशीच्या तशी. आणि शेवटी, मामांना विचारा.

वायरमन: अक्षर मोठं ठेव. पाहुण्यांत दोघं जाड चष्मेवाले आहेत.

प्रोग्रामर: नोकरी परत मिळेलच असं नाही हं. माझीही जाईल कदाचित.

वायरमन: भीती वाटतेय?

प्रोग्रामर: वाटतेय. पण चार महिने आतल्या आत जळतेय मी. आज त्यांची जिरलेली बघायचीच आहे.

(तीन वाजून सहा मिनिटं. टेबलावरचा फोन वाजतो आणि बंद होतो. पुन्हा वाजतो. तिसऱ्या खेपेला वायरमन उचलतो.)

साहेब: हॅलो, मामा? अहो, आहात ना अजून?

वायरमन: आहे की. पिशवी भरतोय.

साहेब: ती राहू द्या. जरा लगेच वर या. ते सात नंबर... पाहुणे म्हणतायत, तुमच्याशीच बोलायचंय.

वायरमन: येतो ना साहेब. पण जिन्याचं दार कार्डावर उघडतं, आणि कार्ड सकाळी तुम्ही काढून घेतलंत.

साहेब: मग त्या पोरीला सांगा ना दार उघडायला.

वायरमन: तिला तुम्हीच सांगितलंय, जागा सोडू नकोस म्हणून. तुम्हालाच खाली यावं लागेल, साहेब. आम्ही दोघं बसलोय.