लटारूचा पुंजणा अन् आभाळातली दीर्घिका

कोणी विश्वास ठेवला नाई माह्यावर, एकानंबी नाई! तुमाले सांगतो, मी सतरांदा बोंबलली, का बाप्पा, बांधाशेजारच्या लटारूचा पुंजणा रोज फुगून राह्यला अन् आमचा रोज आटून राह्यला... धान कापला, भारे बांधून वावरात रचले, त्याच्यावर आमचं वर्षभराचं खाणं, अन् थो पुंजणा आठ दिवसात कमरेइतका? उंदीर म्हणे! उंदीर काय भारे डोक्यावर घेऊन जाते? पण माहं कोण ऐकते!

तेवढ्यात माही पोरगी रिना सुटीत घरी आली, गडचिरोलीले कॉलेजात आभाळाचं शिकते. म्हणे, "आई, आभाळात दीर्घिका असते, ताऱ्यायचे पुंजणेच समज. त्यातल्या ज्या जुन्या, गोल, लठ्ठ, त्यायनं आपले सारे तारे सुरुवातीलेच धडाधड पैदा केले. मंग काम बंद! नवा तारा जवळपास नाईच, तरी फुगतच गेल्या."

"काऊन वं?"

"शेजारच्या लहान लहान दीर्घिका गिळल्या ना! आतले तारे घरचे, बाहेरचे बहुतेक दुसऱ्यायचे. ताऱ्याची जात पाह्यली का समजते."

अगं माय माय! लटारूच झाला ना थो! त्याचा हलका धान, दाणा जाडा, दिवाळीच्या आधीच कापून मोकळा, वावर रिकामं, मंग पुंजणा कायनं वाढते? त्याचं पोटबी तसंच, अर्धं घरचं, अर्धं लोकायच्या पंगतीतलं! आमचा धान भारी, उशिराचा, दाणा बारीक. रिनाच्या दीर्घिकेसकट साऱ्या गावाले ऐकवलं, का दाण्याची जात पाहा... पण माहं कोण ऐकते!

शेवटी तंटामुक्तीचा अध्यक्ष दसरू आला, मिशी मोठी अन् अक्कल उपाशी. साऱ्यायपुढं पुंजणा उकलला. आत जाडा दाणा. वरच्या चार थरात बारीक, माहा! मी अशी नाचली म्हणता...

लटारू पोट खाजवत म्हणते कसा, "बाई, म्या एक भारा उचलला नाई. तुमची पोरगीच शिकून आली, तिलेच इचारा, मोठं लहानाले चोरते का?"

रिना मेली, मरन पण खोटं बोलन नाई! म्हणे, "चोरत नाई काका. लहान जवळ आलं का मोठ्याकडं ओढल्या जाते. त्यात कोणाचा दोष नाई."

झालं! दसरूनं अशी मान डोलावली, जसं आभाळ यानंच रचलं. "मंग लटारूचा गुन्हा नाई. मले एवढंच सांगा, लहान पुंजणा मोठ्याच्या इतक्या जवळ रचला कोणी?"

साऱ्या गावानं बांधाकडं पाह्यलं. तिथी माहा नवरा बसला होता, तोंड उघडं, लटारूच्याच तंबाखूले चुना लावत! लटारूसंगं गप्पा मारता याव्या म्हणून पुंजणा त्याच्या बांधाले चिकटवून यानंच रचला होता. धान गेला तो गेलाच बाप्पा, आता वर्षभर काय खाऊ? मीबी मंग नवऱ्याकडं बोट उचललं, त्याचंच नाव घेतलं, अन् पहिल्यांदा साऱ्या गावानं माहं ऐकलं... खुशाल!