बाहेरच्या माणसांना आत मनाई

...पास! तुम्हाला सांगते, बागेत फिरायला जायचं, तर आमचे हे मला विचारायचे, 'अगो, पास खंय आसा तुझो?' आता बोला!

म्हणजे बघा, रे रोडच्या बाजूचं ते जुनं रेल्वे यार्ड. आमचे हे, गुणाजी, चौतीस वर्षं तिथे मालडब्यांच्या दुरुस्तीला. आणि मी भिंतीच्या अलीकडे, घोडपदेवच्या चाळीत. चौतीस वर्षं ती ठोकाठोक ऐकली, पण आत काय आहे ते दिसलं का? नाव नको! विचारलं की गेटवरच्या बोर्डावरचं एकच, 'बाहेरच्या माणसांका आत मनाई आसा!'

मग यार्ड बंद झालं, हे रिटायर झाले, आणि गेल्या वर्षी भिंतच पाडली नि यार्डाची बाग केली हो! गेट नाही, वॉचमन नाही... झाडं काय, बाकडी काय, शेडमध्ये लायब्ररी, रुळांच्या मधे हिरवळ, पोरं स्केटिंग करतायत! अख्खी चाळ जाऊन सेल्फी काढून आली. आणि आमचे हे? भिंत पडली त्या दिवशी जेवले नाहीत. त्या बाजूची खिडकी लावली ती लावलीच. म्हटलं, चला ना एकदा. तर 'मनाई आसा!' अहो, कुणाची? तो बोर्ड लावणारा साहेबसुद्धा केव्हाच वर गेला!

शेवटी दिवाळीनंतर एका रविवारी मी गजरा माळला नि एकटीच निघाले. पोचतेय तोच मागून, 'अगो, थांब!' वळून बघते तर हे! धापा टाकत आले, आणि गेट होतं ना, बरोब्बर त्या जागी उभे राहिले. पुढे पाऊल नाही. डोळे भरलेले.

तेवढ्यात आत एक मुलगी, नम्रता नाव तिचं, माईक घेऊन पोरांच्या घोळक्याला सांगत होती, 'इथे वाघिणी दुरुस्त व्हायच्या.' एक चिमुरडी विचारते, 'ताई, त्या राणीच्या बागेतून यायच्या?' दुसरी म्हणते, 'आणि चावायच्या नाहीत?' आता बोला! नम्रता कागद उलटापालटा करतेय, कागदात उत्तर सापडेना... आणि यांना राहवेना! 'अगो बाय, वाघीण म्हणजे मालगाडयेचो डबो!' म्हणत हे सरळ आत! आत आलो हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

मग काय विचारता! चाकाला तडा गेला की हातोडीचा आवाज कसा बद्द येतो, भट्टीपाशी भुवया कशा जळायच्या... पोरं आ वासून! नम्रता म्हणाली, 'आजोबा, दर रविवारी याल?' यांनी मान हलवली आणि माझा हात धरून एका बाकापाशी नेलं. 'हय... ह्या जाग्यार माझी भट्टी होती.' एवढंच. आम्ही दोघं तिथेच बसलो. चौतीस वर्षांनी नवऱ्याची कामाची जागा बघितली हो मी!

आता स्वारी खूश. खिडकी उघडी, भूक दुप्पट. फक्त दर रविवारी मला पहिल्या रांगेत बसवतात. तीच वाघीण, त्याच भुवया... आणि कुणी हसलं नाही तर पहिलं हसायचं कुणी? मी! परवा म्हटलं, अहो, एक रविवार राहते घरी. तर कपाळाला आठ्या घालून मला म्हणतात,

'स्टाफाक रविवारची सुट्टी नसता!'